मुकी कपार

“काठी सोड, आज्जे.”

मी सोडली नाही. उंबऱ्यात फतकल मारून बसले होते आणि काठी दारात आडवी धरली होती. एक टोक माझ्या मुठीत, दुसरं रोहिणीच्या. माझी नात. पायात ते जाड तळव्याचे बूट, ओढणी कमरेला कसलेली, पाठीवर पिशवी. पिशवीत पाण्याची बाटली असती तर मी इतकी पेटले नसते. पिशवीत घोंगडी कोंबलेली होती. दुपारी चढून दिवस मावळायच्या आत उतरणाऱ्या माणसाला डोंगरात घोंगडी कशाला लागते?

“सोड म्हणते ना. पळून चाललेय का मी?”

मांडीवरच्या पाटीवर मी लिहिलं, ‘तंगडं मोडीन.’

“मोड की. सरपटत जाईन.”

बघा! माझंच बी. सकाळपासून हे चाललं होतं. तव्यावरची भाकरी करपून गेली, आणि माझी सून बबिता, या पोरीची आई, पिठाची परात पुढ्यात घेऊन भिंतीला टेकून बसली होती. एकदा माझ्याकडं बघायची, एकदा लेकीकडं.

तुम्हाला कधी पाटीवर भांडावं लागलंय का? शिवी तोंडातून निघते तेव्हा गरम असते. ती लिहायची म्हणजे आधीचं पुसा, खडू धरा, अक्षर काढा. समोरच्यापर्यंत पोचेस्तोवर तिची वाफ निघून गेलेली. जिनं उभा जन्म अर्ध्या तालुक्याला नुसत्या तोंडानं सरळ केलं, त्या बाईवर ही पाळी. माझा आवाज गेलाय. म्हातारपणानं नाही, दुखण्यानं नाही. कुठं गेलाय ते मला ठाऊक आहे. तो वर डोंगरात आहे, आणि भर दुपारी माझ्या नातीला हाका मारतो.

ऐका आता. म्हणजे वाचा.

आधी एक सांगून टाकते, नाहीतर म्हणाल म्हातारी डोंगराला भ्यायली. डोंगर मला माझ्या माहेराहून जवळचा. बीडहून मांजरसुंब्याकडं निघालं की घाट लागायच्या आधी आमची वस्ती. माझे मालक सटवाजी गेले, त्यांच्यामागं मी एकटीनं मेंढरं राखली. मेंढरं होती तोवर डोंगर म्हणजे काम. नजर सगळी मेंढरांच्या बुडाकडं. गुडघे कुरकुरायला लागल्यावर पोरानं, अंगदनं, मेंढरं विकली आणि ट्रकवर गेला. तेव्हा कुठं मी मान वर केली आणि डोंगर मला पहिल्यांदा दिसला.

मग मी नुसतीच जायला लागले. लोकांच्या पोटात दुखलं. बाईनं डोंगरात जायचं तर सरपणाला जावं, नाहीतर देवाला. “मेंढरं तर इकली, मग म्हातारी रोज कुणाला भेटाया जाती?” असं पारावर बसून विचारायचे. मी तिथंच उभी राहून सांगायचे, “हिंडाया जाते. तुमी बसा हितंच बूड शेकत.”

कधी गेलाय का तुम्ही दिवाळीनंतरच्या बालाघाटात? गवत पिवळंधम्मक होऊन कमरेला लागतं. लुगड्यात कुसळं शिरतात, मग वर बसून एकेक उपटत राहायची, त्यातही सुख असतं. झाडावरच पिकून फुटलेल्या सीताफळाचा वास वाऱ्याबरोबर येतो आणि जातो. माथ्यावर पोचलं की पाठीवरचा घाम गार पडतो, पवनचक्कीची पाती डोक्यावरून भुर्र… भुर्र… करत फिरतात, आणि खाली सगळं बीड मुठीत मावेल एवढं. घाटातले ट्रक मुंग्यांसारखे एकामागे एक. तिथं बसून बुक्कीनं कांदा फोडायचा आणि ठेच्याबरोबर शिळी भाकरी खायची. ती चव खालच्या कुठल्याच चुलीला नाही.

रोहिणी शेंबडी होती तेव्हापासून माझ्यासंगं. चालताना मी बोलायचे म्हणजे काय, ओरडायचेच. ‘पाय बघून टाक. पाणी गटागटा पिऊ नको. माकडागत उड्या मारू नको, मरशील.’ तीही उलटून बोलायची. आमचं दोघींचं डोंगर चढणं खालपर्यंत ऐकू जायचं.

फक्त एका ठिकाणी आम्ही दोघी गप्प. माथ्याच्या अलीकडं काळ्या दगडाचा उभा कडा आहे, बुडाशी आत गेलेला, काहीतरी पोटाशी घेऊन बसल्यासारखा. आम्ही धनगरं त्याला मुकी कपार म्हणतो. तिच्याखालून जायचं तर तोंड मिटून. हाक नाही, शीळ नाही, कुत्र्यालासुद्धा यू यू नाही. पुढं चालणाऱ्या मेंढ्याच्या गळ्यातल्या घंटेत गवत कोंबायचं, पलीकडं गेलं की काढायचं. कावून, असं मी नवी नवरी असताना सासूला विचारलं होतं. ती म्हणाली, “तिला कुणाचं काई माघारी द्याया आवडत न्हाई.” तेवढंच. पुढं विचारलं तर डोळे वटारले.

मी शाळेत गेले नाही. पुड्याच्या कागदांवरून स्वतःचं स्वतः वाचायला शिकले. आवाज दगडाला आपटून परत येतो, हे मी वाचलेलं आहे. ते एका गाठीत बांधलं आणि सासूचं दुसऱ्या गाठीत. दोन्ही पदरातच राहू दिलं, घंटेत गवत कोंबत राहिले.

मग सत्यम आला. बीडचा पोरगा. रविवारी शहरातल्या लोकांना गोळा करून डोंगर चढायला आणायचा. उतरल्यावर मांजरसुंब्याच्या धाब्यावर जेवण. मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू? साठीच्या बाया ढोपरं धरधरून चढायच्या, माथ्यावर पोचून लहान पोरींसारख्या खिदळायच्या. मी त्यांना वाटा दाखवल्या. रोहिणी तर त्यांची पुढारीणच झाली. ते बूट तिला तिथूनच मिळाले.

आणि एका रविवारी बघते तर मुक्या कपारीपुढं खांब रोवून बोर्ड लावलेला. निळ्या अक्षरात ‘इको पॉइंट’. वर हसणाऱ्या तोंडाचं चित्र.

“काढ ते,” मी सत्यमला म्हणाले.

“का बरं, आज्जी? लोकांना मजा येते.”

“मजा घरी जाऊन कर. हितं तोंड मिटून चालायचं असतंय.”

“अहो, आवाज कड्यावर आपटून परत येतो. एवढंच तर आहे.”

“मला शिकवू नको. मला म्हाईत हाय. येतो तवर ठीक हाय. आला न्हाई तर?”

तो हसला. वाईट हसला नाही. तेच मला जास्त झोंबलं. वाईट हसला असता तर मी तिथंच त्याचं बखोट धरून खाली आणला असता.

तोवर बाकीच्यांनी सुरुवात केलीच होती. जो तो आपापलं नाव ओरडायचा आणि कडा ते परत द्यायचा. गेवराईच्या एका मास्तरीणबाईंनी तर नवऱ्याचंच नाव घेतलं, “विजयसिंऽऽह!”, आणि कड्यानंही “…सिंऽऽह” म्हटलं, तर सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मी काठी आपटत रोहिणीकडं निघाले होते. ती दोन्ही हातांचा द्रोण करून उभी होती.

“रोहे! गप!”

“रोऽऽहिणी!”

आम्ही थांबलो. सगळेच. परत काही आलं नाही.

आधी कुणीतरी हसलं. मग तेही थांबलं. माथ्यावर पवनचक्कीची पाती फिरत होती, पण ते भुर्र… भुर्र… ऐकू येत नव्हतं. ऊन इतकं टळटळीत की दगडाकडं बघवेना. आणि त्या उन्हात, कोरड्या ठणठणीत दुपारी, मला वास आला. ओल्या लोकरीचा. मेंढरं पावसात भिजून एकमेकांना चिकटून उभी राहिली की येतो तसला. आजूबाजूला एक मेंढरू नव्हतं.

रोहिणीनं पुन्हा तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताणलेल्या मला दिसल्या. ओठ हलले. आवाज नव्हता. तिनं घाबरून माझ्याकडं बघितलं…

त्या दिवशी सत्यमनंच स्वतःची गाडी काढली आणि आम्हाला अंबाजोगाईला नेलं. डॉक्टरांनी घशात नळी घालून बघितलं, म्हणाले घसा स्वच्छ आहे, धक्का बसला असेल, येईल हळूहळू. सत्यम दवाखान्याच्या पायरीवर डोकं धरून बसला होता. मला त्याच्यावर धड चिडताही येईना, त्याचाही राग मी कपारीच्या नावावर टाकला.

आवाज आला. पण घरात नाही. बबिता दुपारी दोरीवर धुणं टाकत होती आणि डोंगराकडून आलं, “आईऽऽ…” लेकीचाच आवाज. बबिता ओलं लुगडं हातात घेऊन डोंगराकडं धावत सुटली. बांधापर्यंत गेली आणि थबकली. वळून बघितलं तर रोहिणी ओसरीवर बसलेली होती. तिनंही ते ऐकलं होतं. दोन्ही हातांनी तोंड दाबून ती आपलाच आवाज ऐकत होती.

मी काठी घेतली आणि निघाले.

जनावर हरवलं तर आम्ही धनगरं डोंगराला हात जोडत नाही. भांडतो. कड्याकपारीपुढं उभं राहून शिव्या घालून आपलं जनावर मागायचं, ही आमची जुनी रीत. मीही तेच केलं. मुक्या कपारीपुढं उभी राहिले आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं बाहेर काढलं. “रांडे, माज्या पोरीचं घेऊन बसलीस व्हय? तुजं मढं गेलं! टाक ते भायेर!” जन्माच्या शिव्या घातल्या. त्या बोर्डाला लाथ घातली. घसा सोलून निघाला. कपारीनं एक अक्षर परत दिलं नाही.

ऊन माथ्यावर आलं. मी खाली बसले. शिव्याही सरल्या. आणि मग जे माझ्या तोंडून निघालं ते माझं मलाच नवं होतं. असं मी घरात कधी बोलले नव्हते. पोटच्या पोराशीसुद्धा नाही.

“ये गं माजी बाय… ये माज्या सोन्या… दमलीस का… चल घरी… आज्जी काई म्हणायची न्हाई तुला…”

कितीतरी वेळ तेच म्हणत राहिले. आणि मग माझ्या मानेमागून, अगदी कानाशी, कुणीतरी म्हणालं, “ओ.”

रोहिणीच्या आवाजात. मानेवर ऊन ऊन वाफ लागली आणि तो ओल्या लोकरीचा वास. मी वळून बघितलं नाही. उठले आणि उतरले, कशी ते माहीत नाही.

वस्तीजवळ आले तर आमच्या बोअरिंगवर रोहिणी खदखदा हसत कुणाशी तरी बोलत होती. माझी पोर बोलत होती! मी बबिताला हाक मारायला तोंड उघडलं…

उघडलेलं तसंच राहिलं.

म्हटलं, जाऊ दे. माझं काय, सगळं आयुष्य बोलून झालंय. एका म्हातारीचं तोंड गेलं तर गाव पेढे वाटेल. त्या पोरीला अजून लग्न, नोकरी, भांडणं, सगळं व्हायचंय. सौदा वाईट नव्हता. मी पाटी आणवली आणि भांडायला नव्यानं शिकले.

पण कपारीनं सौदा केलाच नव्हता. तिनं फक्त आधीचं टाकून दुसरं घेतलं होतं.

एके दुपारी बबिता चुलीपुढून म्हणाली, “आत्याबाई, आले, आले. कावून हाका माराल्या?” आणि म्हणता म्हणता तिच्या हातातलं उलथणं खाली पडलं. मी तिच्या समोरच बसून शेंगा निवडत होते. डोंगराकडून माझा आवाज येत होता. “ये गं माजी बाय… ये माज्या सोन्या…” मऊ. लोण्यासारखा मऊ. माझा म्हणून ओळखू आला, पण मला त्याची लाज वाटली, कुणी माझं लुगडं फेडून भर चौकात वाळत घातल्यासारखी.

पहिले काही दिवस तेच शब्द. मग नवे आले. मी कधीच न बोललेले. “ऊन लागतंय का गं… हितं सावली हाय… तुज्यासाठी सीताफळ राखलंय…”

कपारीत एवढे शब्द कुठून आले, ते मला सांगा. मी दिले नव्हते.

रोहिणी जायला लागली. आधी म्हणायची, सत्यमच्या लोकांबरोबर जाते. सत्यमनं तर त्या दिवसापासून डोंगराकडं तोंड केलं नव्हतं. बोर्ड उपटून न्यायला एकदा आला होता, तेवढंच. मग तिनं सांगणंच सोडलं. दुपारी निघायची, दिवस कलला की यायची, जेवायला बसायची नाही. बबिता म्हणायची, “खा की गं काई तरी.” ती म्हणायची, “पोट भरलंय.” तोंड तजेलदार, ओठांना सीताफळाची साय लागलेली. सीताफळाचा हंगाम केव्हाच उलटून गेला होता.

गेल्या खेपेला आली ती वेणी घालून. घरून निघताना केस नुसते बांधलेले. आली तर पेडाला पेड घट्ट बसवलेली, तेल लावून चोपलेली, एक केस इकडचा तिकडं नाही. लहानपणी मी तिची वेणी घालायचे तेव्हा ही किंचाळायची, मी पाठीत रट्टा घालून पुन्हा केस ओढायचे. बबितानं विचारलं, “कुणी घातली गं येणी?” तर म्हणाली, “घातली.” वेणीचं टोक काळ्या लोकरीच्या धाग्यानं बांधलं होतं. आमच्या घरात लोकरीचा सुटा धागा कसला, मेंढरं जाऊन किती वर्षं झाली. मी बोट लावून बघितलं. ओला होता.

मी वर जाऊन आले. भांडायला. पण भांडू कशानं? काठी दगडावर आपटली, सगळ्या अंगाचा जोर लावून. काठी आपटल्याचाही आवाज झाला नाही. आत काळोख होता, आणि तो काळोख मला हसला, सत्यमसारखाच, वाईट न वाटू देता.

आणि आज घोंगडी.

“रोहे,” बबिता अखेर परातीमागून बोलली, “तुज्या बापाला फोन लावते मी.”

“लाव. पप्पा वरून उडत येनार हायेत का?”

“आईसंगं असं बोलतेस?”

“मग कसं बोलू? हितं दुसरं कसं बोलतेत का कुनी? ही पाटीवरून पाय मोडाया निघालीय, तू रडून दावतेस. मी काय पाप करते? डोंगरात जाते. हिनंच न्हेलंतं मला पयल्यांदा. हिनंच शिकवलं हिंडाया. आता हीच दारात काठी घालून बसलीय!”

मी लिहिलं, ‘घोंगडी काढ.’

“न्हाई काढत.”

‘परत येणार आहेस का?’

तिनं पाटी वाचली आणि मोकळ्या हातानं पिशवीचा पट्टा खांद्यावर ओढला.  मी काठीला हिसका दिला, तिनं उलटा दिला. माझ्या हाताची सालं निघाली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण दोघींपैकी एकीनंही मूठ सोडली नाही.

तेव्हा पवनचक्कीचं भुर्र… भुर्र… थांबलं. सकाळपासून चाललेला तो आवाज मधेच कापल्यासारखा बंद पडला. मी दारातून वर बघितलं. पाती फिरत होती.

बबितानं दोन्ही कानांवर हात ठेवले.

“रोहिणे…” डोंगराकडून आलं. नेहमीपेक्षा जवळून. बांधाच्या अलीकडून असावं एवढं जवळून. “ऊन उतरू दे गं… घाई न्हाई… मी हाय हितंच…”

रोहिणीचा चेहरा सैल पडला. सकाळपासून आवळलेला जबडा, कपाळावरची आठी, सगळं उतरलं. माझ्या नातीचा असा चेहरा मी कधी बघितला नव्हता. माझ्यापुढं ती कधी अशी उभीच राहिली नव्हती.

मी पाटी पुसली. पदरानं, तळव्यानं, सगळी पुसली आणि खडू रेटून लिहिलं, ‘ती मी नाही. मी ही. मी इथं.’ खडू मोडला. पाटी तिच्या तोंडापुढं धरली, छातीवर मूठ आपटली, पुन्हा पाटी दाखवली. तोंड उघडलं आणि ओरडले. ओरडलेच, आवाज नव्हता एवढंच.

ती खाली बसली, माझ्या समोर, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला. माझ्या तोंडावरचा घाम तिनं ओढणीनं टिपला. मग माझी बोटं एकेक करून काठीवरून सोडवली, आणि मी सोडवू दिली, कारण ती रागानं सोडवत नव्हती.

“ती तू न्हाईस, म्हाईत हाय मला,” ती म्हणाली, “पर आज्जे, ती माज्यावर कदीच रागवत न्हाई.”